भोंगा न वाजवता आलेलं पाणी

झाडे काकू कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेल्या की चहाला नको म्हणायच्या आणि पाणी मागायच्या. पेला हातात आला की एक घोट तोंडात धरायचा, डोळे मिटायचे, घोट या गालातून त्या गालात फिरवायचा आणि मग गिळून निकाल द्यायचा. "बोअरचं आहे. नळाचं म्हणून काऊन सांगता?" यजमान ओशाळायचे, कारण ते खरंच बोअरचं असायचं. आर्वीचं, पुलगावचं, हिंगणघाटचं पाणी आपण डोळ्यांवर पट्टी बांधून ओळखू असा त्यांचा दावा होता. मी एकदा परीक्षा घेतली. तीन पेले भरून समोर ठेवले. पहिले दोन त्यांनी बिनचूक सांगितले. तिसरा घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाल्या, "हे बाटलीतलं आहे. याले गावच नाई." मी त्या दिवसापासून त्यांची भक्त झाले.

पिपरी मेघेतल्या त्यांच्या घरात मी वरच्या खोलीत भाड्यानं राहायचे. कॉलेजात ग्रंथपाल होते. खाली काकूंची मेस होती. आसपासच्या कॉलेजांतली तीसेक मुलं दोन वेळा जेवायला यायची. काका फार लवकर गेले, तेव्हा रूपाली, काकूंची एकुलती एक लेक, दुसरीत होती. तेव्हापासून काकूंनी एकटीनं पोळ्या लाटून तिला वाढवलं, बी.फार्म. केलं आणि वर्ध्यातल्या एका औषधांच्या दुकानात कामाला लावलं. मला काकू 'मॅडम' म्हणायच्या आणि 'तू' म्हणायच्या, दोन्ही एकाच दमात. "मॅडम, तू आज दोनच पोळ्या काऊन खाल्ल्या? पुस्तकानं पोट भरते का तुयं?"

मुलांची नावं त्यांच्या लक्षात राहायची नाहीत. मुलगा काय खात नाही ते मात्र पहिल्याच जेवणात लक्षात राहायचं, आणि तेच त्याचं नाव व्हायचं. मेसमध्ये एक 'कारलं-नाई' होता, दोन 'दोडका-नाई' होते, आणि एका बिचाऱ्याचं नाव 'काईच-नाई' होतं. त्या काळात कोकणातून एक मुलगा आला, निखिल परब. पहिल्या दिवशी त्यानं ताट बघितलं आणि हळूच विचारलं, मासे कधी असतात? सगळी मेस हसली. काकू वरणाचा डाव हातात धरून म्हणाल्या, "मासोया इथं पावसायात नदीले येतात. तवरीक वरण खा." झालं, तो 'मासोळीवाला' झाला. चार वर्षं त्यानं वांगं खाल्लं, आलू खाल्ला, झुणका खाल्ला, तर्रीनं डोळ्यांतून पाणी काढलं आणि तरी ताट चाटून ठेवलं. काकूंच्या दरबारात त्याचं वजन वाढत गेलं.

शिक्षण संपलं, निखिल गावी गेला आणि तालुक्याच्या ठिकाणी त्यानं बोटींची इंजिनं दुरुस्त करायचं वर्कशॉप काढलं. इथपर्यंत ठीक. पण तो दर चार-सहा महिन्यांनी पिपरीत उगवायला लागला. विचारलं की म्हणायचा, "काकू, तुमच्या हातचे पोहे खायचे होते." दोनदा काकू खूश झाल्या. तिसऱ्यांदा त्यांनी पोहे वाढले, तर्री वाढली, त्याच्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "पोट्ट्या, पोह्यासाठी कोणी दोन गाड्या बदलून येत नाई. खरं सांग." निखिल ताटात बघून पोहे कालवत राहिला. उत्तर आतल्या खोलीतून आलं. रूपाली दारात उभी राहून म्हणाली, "आई, तो माझ्यासाठी येते."

त्या संध्याकाळी मेस बंद राहिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तीस मुलं डबे-ताटल्या घेऊन आली आणि दाराला कुलूप बघून शेजारच्या टपरीवर समोसे खायला गेली. काकू मागच्या अंगणात कूलरच्या टाकीवर बसून होत्या. मुलगा त्यांना आवडायचा, तो प्रश्नच नव्हता. त्यांनी मला पश्चिमेकडे बोट दाखवून विचारलं, "मॅडम, इथून थे गाव किती लांब?" मी सांगितलं, एक आख्खा दिवस आणि वर थोडं. "म्हणजे पोरीले ताप आला, तं मी पोचेपर्यंत उतरून जाईन," त्या म्हणाल्या. "नाईतं वाढून जाईन."

सकाळी मात्र त्या कणकेत हात घालून उभ्या होत्या आणि फर्मान निघालं होतं. घर पाहायला जायचं. मुलीनं यायचं नाही, ती रीत नव्हे. सोबत मॅडम. का, तर तिकडची भाषा मॅडमला समजेल, मॅडमकडे खूप पुस्तकं आहेत. आणि जाताना रोडग्यांचं सगळं सामान न्यायचं. आमच्याकडे काही मोठं ठरायचं असलं, नवस फेडायचा असला, की नदीकाठी नाहीतर शेतात रोडगे करतात. कणकेचे पदर घातलेले गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरायचे, खरपूस भाजायचे, फोडून तुपात बुडवायचे आणि वरण-वांग्याबरोबर खायचे. काकूंचं माहेर आर्वीकडचं, वर्धा नदीच्या काठचं, तिथे रोडग्यांशिवाय काही शुभ होत नाही. "ज्या घरी मायी पोरगी जन्म काढणार, त्या घरच्यायनं एक डाव माया हातचा आख्खा रोडगा खाल्ला पायजे," काकूंनी जाहीर केलं. "अर्धा टाकला, तं आपण वापस." रूपालीनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू सगळे रोडगे मीच भाजणार आहे.

सामानात काकूंच्या साड्यांची एक पिशवी होती. बाकी रवाळ कणीक, तूरडाळ, तूप, तिखट, वरणाचा मोठा गंज, म्हणजे पातेलं, आणि गोवऱ्यांचं एक पोतं. मी म्हटलं, काकू, गोवऱ्या तिकडे मिळतील. त्यांनी माझ्याकडे दयेनं बघितलं. "तिकडं मासोया मिळतात, मॅडम. गोवऱ्या कायले मिळतीन?" वर्धा स्टेशनवर हमालानं पोतं उचललं, वजन बघून चकित झाला. गाडीत टीसी आला, पोत्याला पाय लागला, त्यानं विचारलं, "यात काय?" काकू म्हणाल्या, "जेवण." त्यानं पोत्याचं तोंड उघडून बघितलं. मी जमिनीत जागा शोधत होते. पण टीसी निघाला अकोल्याचा. त्याचा चेहरा एकदम खुलला. "रोडगे? कोठी?" काकूंनी सांगितलं, समुद्रावर. तो पाच मिनिटं आमच्यापाशी बसला, वांग्यात दाण्याचं कूट घालावं की नाही यावर काकूंशी भांडला आणि उठताना म्हणाला, "मावशी, सुट्टी असती तं आलो असतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पोचलो. परबांचं घर माडांच्या वाडीत, पुढे सुरूचं बन आणि त्याच्या पलीकडे समुद्र. निखिलची आई, परब काकी, दारात हातपाय धुवायला पाणी घेऊन उभी होती. ठेंगणी, ठसठशीत बाई, कानात कुड्या, हसली की सगळं अंग हसायचं. काकूंनी नेहमीप्रमाणे चहाला नको म्हटलं आणि पाणी मागितलं. माझा जीव मुठीत. समुद्र शंभर पावलांवर, विहीर अंगणात. काकूंनी घोट घेतला, डोळे मिटले, गालातून गालात फिरवला. मग डोळे उघडले आणि पेला दुसऱ्यांदा भरून मागितला. "गोड आहे," त्या मला कानात म्हणाल्या, जणू कुणीतरी त्यांना फसवलं होतं. "एवढ्या बाजूले सारं खारं आणि हे गोड. कसं काय वो?"

खारं आहे याची खात्री करायला त्या संध्याकाळी समुद्रावर गेल्याच. समुद्र पहिल्यांदा बघणारी माणसं गप्प होतात असं मी वाचलं होतं. काकू गप्प झाल्या नाहीत. "अवो माय माय माय! पाहून राह्यली का तू? संपतच नाई नं!" असं ओरडत त्या साडी खोचून पुढे गेल्या, लाट आली तशा मागे पळाल्या, लाट गेली तशा तिच्या मागे धावल्या, आणि हे अर्धा तास चाललं. मी साठीला टेकलेल्या बाईला इतकं खिदळताना कधी पाहिलं नव्हतं. शेवटी ओंजळीत पाणी घेऊन त्यांनी घोट तोंडात धरला, तिथल्या तिथे थुंकला आणि निकाल दिला, "यात वरण शिजवलं, तं मीठ टाकाचं काम नाई."

तिसऱ्या दिवशी सकाळी निखिलनं आम्हाला गाव दाखवलं. छोटंसं तालुक्याचं गाव, उतारावरचा बाजार, एका टोकाला यष्टी स्टँड, दुसऱ्या टोकाला जेटी. पर्यटक देऊळ बघतात, किल्ला बघतात. काकूंनी सरकारी दवाखाना बघितला, दोन डॉक्टरांच्या पाट्या वाचून घेतल्या, गिरणीत जाऊन विचारलं की इथे गहू दळतात की नुसते तांदूळच, आणि औषधांच्या दुकानात जाऊन दुकानदाराला दहा मिनिटं प्रश्न विचारले. दुकानदाराला वाटलं, तपासणी आली. यष्टी स्टँडवर त्यांनी फलक वर-खाली वाचला आणि म्हणाल्या, "वर्धा नाई लिवलेलं." निखिल म्हणाला, "काकू, एवढ्या लांबच्या कुठल्याच स्टँडवर वर्धा लिहिलेलं नसतं." त्यावर त्यांनी फलक पुन्हा एकदा वरपासून वाचला आणि मगच रिक्षात बसल्या. मासळी बाजारातून जाताना एका कोळणीनं भला मोठा मासा त्यांच्यासमोर धरला, तेव्हा मात्र त्या दचकल्या. "सरकव बाई, थो मलेच पाहून राह्यला." इकडे रूपालीचा मला तासातासाला फोन. आई काय म्हणाली? मी म्हणायचे, आईनं आज गिरणी पाहिली. पलीकडून नुसता उसासा ऐकू यायचा.

चौथा दिवस रोडग्यांचा. परब काकी म्हणाली, "वर सुरूच्या बनात करा, थंय सावली आसा." काकूंनी बनात जाऊन खाली बघितलं. सुक्या काड्यांचा हा थर. "इथं ठिणगी पडली तं आख्खं गाव पेटन," त्या म्हणाल्या, आणि हे अगदी शहाणपणाचंच होतं. बनाच्या खाली कोरडी वाळू होती, पण तिथे गंज ठेवला की कलंडायचा. आणखी खाली, पाण्याकडे, वाळू ओली, सपाट आणि टणक होती, सारवलेल्या अंगणासारखी. समुद्र तेव्हा खूप आत गेलेला. काकूंनी पायानं दाबून बघितलं. "हेच बेस्ट. नदीकाठी अशीच जागा पायजे. काय मॅडम, बरोबर ना?" मी म्हटलं, "एकदम." माझ्या ग्रंथालयात भूगोलाची दोन कपाटं होती. मी रोज त्यांच्यावरची धूळ झटकायचे. तरी मी म्हटलं, एकदम.

आम्हाला अडवायला कुणी नव्हतंच. निखिलनं आणलेली वांगी काकूंनी बिया जास्त म्हणून नापास केली होती, त्यामुळे तो पुन्हा बाजारात गेला होता. परब काका वाडीत नारळ उतरवून घेत होते आणि काकी घरात ओलं खोबरं वाटत होती. आम्ही दोघींनी पोतं फरफटत नेलं, गोवऱ्या रचल्या, पेटवल्या. निखारे झाले तसे काकूंनी एकवीस रोडगे त्यांत एकेक करून पुरले, वरून राख ओढली आणि बाजूला तीन दगडांवर वरणाचा गंज चढवला. आता दीड तास थांबायचं. काकूंचा नियम असा की रोडगा लावला की त्याला पाठ दाखवायची नाही, लक्ष हललं की जळतो. वारा समुद्राकडून होता, धूर जमिनीकडे जायचा, म्हणून धूर डोळ्यांत जाऊ नये अशा बाजूला आम्ही बसलो. म्हणजे तोंड रोडग्यांकडे, पाठ समुद्राकडे.

काकू फार आनंदात होत्या. रूपाली लहानपणी रोडग्याचं नुसतं कवच खायची आणि आतला मऊ भाग आईच्या ताटात टाकायची, ते त्यांनी सांगितलं. मग म्हणाल्या, "आज पाहू. कोण आख्खा खाते आणि कोण उष्टा टाकते." असा तासभर गेला असेल. मला पाठीला काहीतरी गार लागलं. मी म्हटलं, वारा असेल. मग मी बसले होते ती जागाच ओली झाली. मी वळून बघते तर समुद्र माझ्या मांडीशी.

"अवो बाप्पा!" काकू ताडकन उठल्या. "पाणी सोडलं! मॅडम, धरन सोडलं वाट्टे!" नदीकाठच्या माहेरी त्यांनी अनेकदा हेच पाहिलेलं. वर दरवाजे उघडले की खाली पाणी चढतं. पण त्याआधी भोंगा वाजतो, दवंडी पिटतात, लोक गुरं-भांडी हलवतात. काकूंचा संताप त्या भोंग्याचा होता. पुढची लाट निखाऱ्यांवर चढून फस्स करून मागे गेली, वाफेचा लोट उठला आणि त्या लोटातून काकू किनाऱ्याला उद्देशून ओरडल्या, "भोंगा काऊन नाई वाजवला? लोकं मरतीन ना! काय पद्धत आहे का ही? मॅडम, तहसीलदाराले फोन लाव!" आणि मी, एम.लिब., खरोखर फोन काढून तहसीलदाराचा नंबर शोधायला लागले.

तेवढ्यात वरणाचा गंज दगडांवरून उठला आणि डुलत डुलत निघाला. गोवऱ्या तरंगायला लागल्या. रोडगे निखाऱ्यातून सुटून लाटेबरोबर घरंगळत होते, काकू एकेक पकडून पदरात घालत होत्या, चटका बसला की "हाय हाय" म्हणत होत्या आणि सोडत नव्हत्या. वरून परब काकी धावत आली. "अगो बाय माझे! भरती इली, भरती! वर येवा बेगीन!" ती सरळ गुडघाभर पाण्यात शिरली, गंज दोन्ही हातांनी धरला, एक थेंब न सांडता माझ्या डोक्यावर ठेवला आणि रोडग्यांच्या मागे लागली. दोघी बायका लाटेत वाकून गोळे वेचत होत्या. मग एक तरंगती गोवरी परब काकीच्या हातात आली. तिनं ती उलटी-पालटी करून बघितली. "ह्यो तर शेणी," ती म्हणाली. "वर्ध्यासून शेणी हाडल्यात?" मी गंज सांभाळत मान हलवली. "आमच्या गोठ्यामागे उतरंड आसा गो शेणींची!" असं म्हणून तिला जे हसू फुटलं ते आवरेना आणि ती तशीच मटकन पाण्यात बसली. काकूंनी गोवरीकडे बघितलं, काकीकडे बघितलं. मग त्याही हसायला लागल्या. लाट आली, दोघींच्या खांद्यांवरून गेली, दोघी उठायचं नाव घेईनात.

एकवीसपैकी सोळा रोडगे वाचले. बाहेरून काळे, आतून कच्चे आणि खारट ओले. परबांच्या अंगणात ते मांडले तेव्हा काकूंचं हसू गेलं. निखिल कोवळी, बिनबियांची वांगी घेऊन परत आला होता आणि कुणालाही काही विचारायची त्याची हिंमत होत नव्हती. काकू मला हळूच म्हणाल्या, "आता कोणत्या तोंडानं वाढू? मीच परीक्षा घ्याले आलती आणि मायेच रोडगे नापास." परब काकांनी नारळाची सोडणं, म्हणजे वरच्या सुक्या साली, आणली, पेटवली, आणि काकूंपुढे निखारे करून दिले. काकूंनी रोडगे पुन्हा लावले. तासाभरानं फोडले, तुपात बुडवले आणि खाली मान घालून वाढले. पहिल्या घासाला सगळ्यांच्या दातांखाली वाळू करकरली. परब काकीनं आख्खा खाल्ला. काकांनी आख्खा खाल्ला. निखिलनं तीन खाल्ले, पण तो मेसमध्ये तयार झालेला, त्याचं काही धरायचं नाही. काकीनं दुसरा मागितला. काकू वाढत होत्या, निकाल मात्र देत नव्हत्या. मी बाहेर जाऊन रूपालीला फोनवर सांगितलं, सगळ्यांनी खाल्लं. तिनं विचारलं, मग? मी म्हटलं, मग काही नाही.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर काकू उठून एकट्याच समुद्रावर निघाल्या. मी मागे गेले, परब काकीही आली. पाणी पुन्हा खाली गेलं होतं. ओल्या वाळूवर लाटांनी काड्या-शंखांची एक लांब रेघ सोडली होती आणि त्या रेघेत मधेमधे आमच्या गोवऱ्या पडलेल्या होत्या. काकूंनी त्यातली एक उचलली, झटकली, परत ठेवली.

"हे पाणी रोजच असं येते?" त्यांनी विचारलं. काकी म्हणाली, रोज दोनदा, आणि तिथीप्रमाणे वेळ सरकते. काकूंनी मान हलवली आणि ज्यासाठी त्या गिरणी आणि दवाखाना बघत फिरल्या होत्या ते एकदाचं बोलल्या. "मायी पोरगी कोरड्या गावची आहे वो. तिले यातलं काई समजत नाई. एकटीच आहे. मी इतक्या लांब. तिले काई झालं, तं मले समजेपर्यंत सारं होऊन जाईन."

परब काकी काकूंच्या शेजारी येऊन उभी राहिली. मग तिनं तिच्या भाषेत सांगायला सुरुवात केली. ती मूळची घाटावरची, आजऱ्याकडची. लग्न होऊन आली तेव्हा तिनंही समुद्र पाहिलेला नव्हता. पहिल्याच महिन्यात खाडीवर भांडी घासायला गेली, आईनं दिलेली तांब्याची कळशी काठावर ठेवली, आणि वळून बघते तो कळशी गेलेली. घरी येऊन रडली. "माका कोणीच सांगूक नाय. सगळी हसली," ती म्हणाली, आणि काकूंच्या दंडाला धरलं. "तुमच्या चेडवाक मी पयल्याच दिवशी सांगतलंय."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणल्या वो थ्या?"

त्या चार दिवसांत दुभाषी म्हणून मला हे एवढंच खरं काम पडलं. मी म्हटलं, "यांना कोणी सांगितलं नव्हतं. तुमच्या मुलीला या पहिल्याच दिवशी सांगतील."

काकू गप्प झाल्या. चार दिवसांत पहिल्यांदा. एक लाट येऊन त्यांच्या पायांवरून गेली तरी त्या हलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "फोन लाव रूपाले."

मी लावला आणि फोन त्यांच्या कानाला धरला, कारण त्यांचे हात भाजलेले होते. "हाव, मीच. जेवली का तू?" त्यांनी विचारलं. "आयक. इकडचं पाणी दिवसातून दोन डाव वाढते. आपल्याकडल्यासारखं नाई. काठावर काई ठेवाचं नाई, भांडं नाई, चप्पल नाई. पण तू भेऊ नोको. तुयी सासू सांगन तुले सारं."

मग रूपालीचा आवाज आला, मलाही ऐकू येईल इतका मोठा, "आई, काय म्हणाली तू?"

"आयकू नाई आलं का? सासू म्हणलं मी, सासू. इथं मायाजवळच उभी आहे." पलीकडून रडण्याचा आवाज यायला लागला. "आता रडून काऊन राह्यली वं?" काकू दरडावून म्हणाल्या. "मी रडून राह्यली का?" असं म्हणताना त्या चांगल्या हमसून हमसून रडत होत्या आणि परब काकी त्यांच्या पदराला लागलेली वाळू झटकत होती.